सोवळ्यातले राजकुमार

मनू,

काल मावशीचा फोन येऊन गेला. तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले त्या कोरियन गायकांचे फोटो तिनं पाहिले, त्यातल्या एकाच्या शर्टाची वरची बटणं उघडी निघाली, आणि पुढे घरात जे वाजलं ते मला दोन्ही पक्षांकडून कळलं. तिचं म्हणणं, हे सगळं चावट आहे आणि अकरावीच्या मुलीच्या कपाटात शोभत नाही. तुझा मेसेज बरोबर उलटा: ‘ताई, तू सांग ना आईला, किती साधी मुलं आहेत ती. दारू नाही, सिगरेट नाही, शिवी नाही, गर्लफ्रेंडसुद्धा नाही.’ मावशीला मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. तुला मात्र जरा ऐसपैस लिहिते, कारण तुम्हा दोघींचंही मला निम्मंच पटलंय.

तुझ्या यादीतल्या शेवटच्या गोष्टीपाशी मी अडले. गर्लफ्रेंड नाही हे तुला कसं गं कळलं? आणि ते तुला कळावं अशी व्यवस्था कुणी केली? मी जाहिरातीच्या धंद्यात आहे. आमच्याकडे काम सुरू होतं ते ब्रीफपासून, आणि ब्रीफमध्ये पहिला प्रश्न टीजीचा, म्हणजे माल कुणाच्या गळ्यात मारायचा. वय काय, शहर कुठलं, खर्चायला किती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना काहीही विकायचं म्हटलं की टीजी दोन होतात. हट्ट धरणारी वेगळी, पैसे देणारी वेगळी. मग असा मुलगा उभा करावा लागतो, की ज्याला बघून आई म्हणेल ‘चांगल्या घरचा दिसतो’ आणि त्याच फोटोकडे बघून मुलीला वाटेल ‘हा माझ्याकडेच बघतोय’. पहिलं उघड बोलायचं. दुसरं कधीच बोलायचं नाही, नुसतं सुचवत राहायचं. या सुचवण्यावर केवढी मोठी दुकानं चालतात! आणि ती काही कोरियात सुरू झालेली नाहीत.

मी दहावीत होते तेव्हा आमच्या वर्गात जोनास ब्रदर्सचं वेड होतं. तू निक जोनासला ‘प्रियांकाचा नवरा’ म्हणून ओळखतेस. जानेवारी २०२४ मध्ये ते तिघं भाऊ लोलापालूझासाठी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आले, तेव्हा गर्दीनं ‘जीजू, जीजू’ म्हणून घोष केला होता, ते रील तूच मला पाठवलं होतंस. तर हा आपला जीजू २००८ साली पंधरा वर्षांचा होता. जो अठराचा, केविन विशीचा. वडील न्यू जर्सीतल्या एका चर्चमध्ये पास्टर. पहिल्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना एका अल्बमनंतर नारळ दिला होता. मग २००७ मध्ये डिस्नेच्या मालकीच्या हॉलिवूड रेकॉर्ड्सनं उचललं, ‘हॅना मोंटाना’त पाहुणे म्हणून दाखवलं, पुढच्या वर्षी जूनमध्ये ‘कॅम्प रॉक’ हा टीव्ही-चित्रपट आला, आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलींची झोप उडाली. आपल्याकडेही डिस्ने चॅनल लागत होतंच.

त्या तिघांच्या बोटात एकेक अंगठी असायची. प्युरिटी रिंग. लग्न होईपर्यंत शरीरसंबंध ठेवणार नाही, अशी शपथ घेतल्याची ती खूण. अमेरिकेतल्या सनातनी चर्चमध्ये ही लाट नव्वदच्या दशकात आली. १९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ नावाची मोहीम काढली, दोन वर्षांनी ॲरिझोनात ‘सिल्व्हर रिंग थिंग’ सुरू झालं, आणि असल्या संयमाच्या शिकवणीला सरकारी पैसाही मिळू लागला. म्हणजे अंगठी डिस्नेनं शोधून काढली नव्हती. पोरांनी ती लहानपणी चर्चच्या कार्यक्रमात घेतलेली होती. जोनं पुढे, २०१३ मध्ये, ‘न्यूयॉर्क’ मासिकासाठी आपली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगितली. अगदी लहान असताना घेतलेली शपथ, तिच्याबद्दल कुणीतरी मुलाखतीत विचारतं काय आणि मग जन्मभर ती चिकटते काय, असा त्याचा सूर होता.

आता यातली गंमत बघ. त्या मुलांच्या खाजगी आयुष्यात काय चाललंय हे विचारणं खरं तर असभ्यपणा. पंधरा वर्षांच्या मुलाला कोण विचारतं असलं? पण बोटात अंगठी आहे म्हटल्यावर विचारणं सभ्य ठरलं, नव्हे, संस्कारी ठरलं. प्रत्येक मुलाखतीत अंगठीचा विषय. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याच्या निमित्तानं त्या एकाच गोष्टीबद्दल सतत बोलणं. आणि घरी मासिकातून फोटो कापणाऱ्या मुलीच्या मनात काय होत असेल? हा कुणाचाच नाही. कुणासाठी तरी थांबलाय. आपण म्हणतो ना, झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा हिशेब. मूठ उघडून दाखवली की भाव गेला. आत काहीतरी आहे हे मात्र सारखं सांगत राहायचं.

जोच्या त्या कथनातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. डिस्नेवरच्या त्यांच्या मालिकेच्या दुसऱ्या वर्षी तो वीस वर्षांचा होता आणि त्याला सोळाचा दिसायचं होतं, म्हणून त्याला रोज दाढी करावी लागायची. एवढंच. मोठं प्रकरण नाही, कुणी मारझोड केलेली नाही. पण मनू, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून एक पुरुष स्वतःचं पुरुष होणं खरवडून काढतोय, का, तर बारा वर्षांच्या मुलीला तो आवडावा पण तिच्या आईला त्याची भीती वाटू नये. मला तर एवढ्यात सगळं येऊन गेलं असं वाटतं.

२००९ च्या फेब्रुवारीत त्यांच्या कार्यक्रमांवरचा थ्री-डी चित्रपट आला. चष्मा लावला की पोरं पडद्यातून बाहेर येऊन समोर उभी. त्या कार्यक्रमांत ते पाइप घेऊन समोरच्या किंचाळणाऱ्या मुलींवर पांढरा फेस उडवायचे. सोवळ्यातल्या मुलांनी हे करावं आणि सगळ्यांनी त्याला निरागस म्हणावं, यावर मोठ्या माणसांच्या भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल. पुढच्याच महिन्यात ‘साउथ पार्क’ या कार्टूनमालिकेनं अख्खा भाग त्यावर काढला. (शोधून बघू नकोस. बघशील हे मला माहीत आहे, पण मावशी शेजारी असताना तरी नको.) त्यात जोनास बंधू अंगठ्या घालायला कुरकुर करतात आणि मिकी माउस मालक बनून त्यांच्यावर डाफरतो. अंगठी आहे म्हणून तर छोट्या मुलींना काहीही विकता येतं आणि आईबाप हरकत घेत नाहीत, असं त्याचं गणित. विनोद भयंकर आचरट, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं. माझी तक्रार एकच. त्या भागात हसं झालं ते मुलींचंही. आवडण्यात काय हसण्यासारखं होतं? हसायचं तर गल्ल्यावर बसलेल्याला हसा.

आणि त्या शपथेचं पुढे काय झालं, तेही ऐक. २००९ च्याच जानेवारीत ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात जॅनेट रोझेनबॉम यांचा अभ्यास छापून आला. शपथ घेतलेली मुलंमुली आणि घरच्या वळणानं, विचारानं त्यांच्यासारखीच पण शपथ न घेतलेली मुलंमुली, यांची पाच वर्षांनंतरची तुलना होती. वागण्यात फरक जवळजवळ नव्हताच. शपथवाले गर्भनिरोधक आणि कंडोम वापरण्यात मात्र मागे होते. आणि ८२ टक्के जण आपण कधी शपथ घेतली होती हेच नाकारत होते. संयम वाईट असं मी म्हणत नाही हं. तुला जेवढं थांबायचंय तेवढं थांब, तो सर्वस्वी तुझा प्रश्न. पण संयमाचं दुकान मांडलं, की त्यात संयम सोडून बाकी सगळं विकलं जातं.

ही युक्ती जोनास बंधूंहूनही जुनी आहे. बीटल्सच्या चामड्याच्या जाकिटांवर त्यांच्या मॅनेजरनं, ब्रायन एपस्टाइननं, सूट चढवले, लवून नमस्कार करायला लावला. जॉन लेननचं १९६२ मध्ये लग्न झालं होतं, ते सुरुवातीला बाहेर फुटू दिलं नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात ते अमेरिकेत पहिल्यांदा टीव्हीवर वाजवत होते, तेव्हा एकेकाच्या चेहऱ्याखाली नाव येत होतं, आणि जॉनच्या नावाखाली ओळ उमटली, की मुलींनो माफ करा, याचं लग्न झालंय. दूरचित्रवाणी वाहिनी कोट्यवधी लोकांसमोर मुलींची माफी मागते, का, तर एक नग विक्रीला नाही म्हणून! सत्तरच्या दशकात डेव्हिड कॅसिडी आला, ‘पार्ट्रिज फॅमिली’तला गोड मुलगा. त्याला त्या गोडव्याचा इतका उबग आला, की १९७२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’साठी त्यानं उघड्या अंगानं फोटो काढून दिले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवरच्या त्याच्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन एक चौदा वर्षांची मुलगी गेली. आपल्याकडचं हवं तर आजीला विचार. राजेश खन्नाच्या फोटोशी मुली लग्न लावायच्या, असं ती हसत हसत सांगते, आणि तेव्हा आजोबा पेपरात तोंड घालून बसतात.

पण आतापर्यंत मी तुला मुलांचंच सांगितलं. मुलांचं बरंच निभावतं. जोनास बंधूंची थट्टा झाली, अंगठ्या उतरल्या, २०१३ मध्ये बँड फुटला, २०१९ मध्ये पुन्हा जमला आणि ‘सकर’ हे त्यांचं गाणं थेट बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं. निक तर मुंबईत जीजू झाला. मुलींच्या बाबतीत हीच युक्ती वापरतात तेव्हा बिल कुणाच्या नावावर फाडतात, ते बघ.

ब्रिटनी स्पीयर्स लुइझियानातल्या केंटवूड नावाच्या छोट्या गावची. लहानपणी डिस्नेच्या ‘मिकी माउस क्लब’मध्ये गायची-नाचायची. १९९८ मध्ये तिचं पहिलं गाणं आलं, व्हिडिओत शाळेचा गणवेश. त्या व्हिडिओसाठी आधी कार्टूनछाप काहीतरी ठरत होतं, ते तिनं मोडून काढलं. शाळेची कल्पना तिचीच. हे मुद्दाम सांगते, कारण ‘तिला जबरदस्तीनं केलं’ असं म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, आणि ‘तिलाच हवं होतं’ म्हटलं की कंपनीला बरं वाटतं. सोळा वर्षांच्या मुलीला छान दिसावंसं वाटतं, नाचावंसं वाटतं, यात नवल ते काय? तुलाही वाटतं. पण कॅमेरा कुठे लावायचा, कुठला तुकडा ठेवायचा, कुठल्या मासिकाला कसले फोटो द्यायचे, हे ठरवणारे बहुतेक बाप्ये तिच्या दुप्पट-तिप्पट वयाचे होते. १९९९ च्या एप्रिलमध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर तिला, सतरा वर्षांच्या मुलीला, ज्या तऱ्हेनं मांडलं होतं, त्याचं वर्णन मी करत नाही. तसं केलं तर मीही त्याच रांगेत.

आणि दुसऱ्या हातानं काय चाललं होतं? मुलगी चर्चला जाणारी आहे, लग्नाआधी काही करणार नाही, हे जगाला सांगणं. पत्रकार परिषदांतून, टीव्हीवर, तिला तोंडावर विचारायचे, तू अजून कुमारिका आहेस ना? तिनं २०२३ मध्ये आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की ही प्रतिमा तिच्या माणसांनी लोकांसमोर धरली होती आणि खरं वेगळं होतं. एका बाजूनं मोह, दुसऱ्या बाजूनं सोवळं, आणि मधल्या फटीत एक जिवंत मुलगी.

२००१ ची पेप्सीची जाहिरात तर आमच्या धंद्यात शिकवायला हवी. ब्रिटनी एकोणीस वर्षांची, नाचतेय, गातेय, वेगवेगळ्या घरांतून लोक टीव्हीला डोळे लावून बसलेत. शेवटी दिसतात बॉब डोल. सत्त्याहत्तर वर्षांचे, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले, आणि त्याआधी व्हायग्रावाल्या कंपनीच्या जाहिरातीत झळकलेले. शेजारी बसलेला कुत्रा भुंकतो आणि ते त्याला म्हणतात, जरा दमानं. विनोद कळला? मला कळला तेव्हा मळमळलं. बाटली विकायची होती शाळकरी मुलांना आणि डोळा मारला होता त्यांच्या आजोबांना.

पुढे २००२ मध्ये तिचं आणि गायक जस्टिन टिंबरलेकचं तुटलं. त्यानं तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुलीला घेऊन व्हिडिओ काढला, लोकांनी त्याला बिचारा म्हटलं आणि तिला नाही नाही ते. २००३ मध्ये पत्रकार डायन सॉयरनं टीव्हीवर विचारलं, तू त्याचं मन मोडण्यासारखं काय केलंस? मुलगी रडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. २००८ च्या फेब्रुवारीत कोर्टानं तिच्या पैशांवर आणि आयुष्यावर पालकत्व बसवलं, बापाच्या हातात कारभार दिला. ते सुटायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत टिंबरलेकनं जाहीर माफी मागितली. किती लवकर, नाही?

त्याच २००८ मध्ये ‘हॅना मोंटाना’वाल्या मायली सायरसचे, पंधरा वर्षांच्या मुलीचे, ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये फोटो छापून आले. पाठ उघडी दिसत होती. गदारोळ झाला आणि माफी कुणी मागितली? तिनं. मासिकानं नाही. डिस्नेनं तर मासिकावर ठपका ठेवला, की खप वाढवायला तुम्ही एका पोरीला वापरलंत. हे कुणी बोलावं! दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, मायलीनं ती माफी मागे घेतली. मला बरं वाटलं.

आता तुझ्या कपाटाकडे येऊ.

तुझ्याकडची ती फोटोकार्डं तू मला दिवाळीत दाखवली होतीस. एटीएम कार्डाएवढं एकेक, वर पारदर्शक स्लीव्ह, तुझ्या बायसचं, म्हणजे सगळ्यात लाडक्याचं, तर टॉपलोडरच्या कडक कव्हरात. मी एक हातात घेऊन नीट बघितलं होतं, तुझ्या लक्षात असेल, तू म्हणालीस, ‘ताई, बोटांचे ठसे.’ स्टेजवरचा फोटो नव्हताच तो. सेल्फी होता. उशीला टेकलेलं डोकं, केस विस्कटलेले, मेकअप न केल्यासारखा मेकअप, आणि डोळे थेट आपल्यात. झोपायच्या आधी एखाद्यानं फक्त तुलाच पाठवावा तसा. असा फोटो हजारो पाकिटांत घालतात, कुठल्या पाकिटात कोण निघेल हे कळू देत नाहीत, आणि हवा तो निघेपर्यंत तुम्ही तोच अल्बम पुन्हा घेता. उघडं-वाघडं त्यात काही नाही, मावशीची बटणांची तक्रार गैरलागूच म्हणायची. विकलंय ते अंग नव्हे, जवळीक विकलीय. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्या जवळिकीत अंगाचा भाग असतोच, हे पाकीट भरणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

ते बबल ॲप तर याचं टोक. महिन्याचे पैसे भरायचे की तो मुलगा तुझ्याशी ‘चॅट’ करतो. तो लिहितो एकदाच, जातं सगळ्यांना. तुझं नाव जिथे यायचं तिथे ॲप आपोआप तू भरलेलं नाव घालतं. तुला दिसतं, ‘मनू, जेवलीस का?’ दुसरीला तिचं नाव दिसतं. तू त्याच्याशी जोडली गेल्याला किती दिवस झाले तेही मोजून दाखवतं. हे कळूनही छान वाटतं, हो ना? वाटणारच. मेसेज खोटा असला म्हणून पोटात उठलेलं फुलपाखरू खोटं नसतं.

आणि म्हणून गर्लफ्रेंड नाही. गर्लफ्रेंड निघाली तर महिन्याचं भाडं कोण भरेल? २०२४ च्या फेब्रुवारीत एस्पा या कोरियन बँडमधल्या करीनाचं एका नटाशी जमल्याचं बाहेर आलं. तिच्याच चाहत्यांनी कंपनीच्या दारात चमकत्या फलकाचा ट्रक उभा केला, आणि त्या मुलीनं हातानं पत्र लिहून माफी मागितली. तेवीस वर्षांची बाई, प्रेमात पडली म्हणून माफी! काही आठवड्यांत ते तुटलंही. जपानात याहून कडक. एकेबी-४८ या गायिकांच्या ताफ्यातल्या मुलींना तेव्हा प्रेमबंदीच होती. २०१३ मध्ये त्यांच्यातली मिनामी मिनेगिशी एका मुलाच्या घरी रात्रभर राहिल्याचं छापून आलं, तर तिनं डोक्याचा चकोट करून, कॅमेऱ्यासमोर रडत सगळ्यांची क्षमा मागितली. आपल्याकडे विधवांचं केशवपन व्हायचं, ते थांबवायला पुण्या-मुंबईत लोकांनी किती शिव्या खाल्ल्या, हे तू इतिहासात वाचलंयस. तो व्हिडिओ बघताना मला तेच आठवलं. फरक एवढाच, की इथे समाजाच्या जागी चाहते बसले होते. तुझ्यासारख्या मुली, आणि त्यांच्या दुप्पट वयाचे कितीतरी पुरुष.

तुला एवढंच सांगायचंय, मनू. त्या फोटोकडे बघून तुला जे होतं, ते घाणेरडं नाही. मावशीला मी हे सांगणार आहे, माझ्या पद्धतीनं. सोळाव्या वर्षी कुणीतरी खूप आवडणं, त्याच्या गळ्याखालच्या खळग्याकडे नजर जाणं, स्वप्नात तो येणं, हे सगळं तुझं स्वतःचं आहे, चांगलं आहे. उलट, न येणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलावर आधी प्रेम करून बघणं सुरक्षितच. त्यात कुणी दुखावत नाही. माझा आक्षेप फक्त एवढाच, की तुझ्या आतल्या या गोष्टीवर कुणीतरी मीटर बसवलाय. त्याचे आकडे तुला दिसत नाहीत, त्यांना दिसतात.

तेव्हा गाणी ऐक, नाच बसव, कोरियन शिक, त्यांच्यामुळे तू हंगुल वाचायला लागलीस याचं मला कौतुकच आहे. पण उद्या त्याची गर्लफ्रेंड निघाली तर त्या मुलीच्या अकाउंटवर जाऊन शिव्या घालणाऱ्यांत तू नसशील, एवढं मला दे. तो तुझं काही लागत नव्हता, त्यामुळे त्यानं तुला फसवलंही नाही. आणि तुमच्या ग्रुपमधल्या मुली त्या गायिकांना ‘ही पवित्र, ती चालू’ अशी जी लेबलं लावत असतात ना, ते जरा ऐकून घेत जा. तीच फूटपट्टी कॉलेजच्या कट्ट्यावर तुला लावली जाते. शॉर्ट्स घातल्या म्हणून परवा तुला कुणी काय म्हणालं होतं, ते तूच मला सांगितलंस. ब्रिटनीला विचारलेला प्रश्न आणि तो शेरा एकाच घरातले.

बबल बंद कर असं मी म्हणत नाही, पण एक महिना न भरता बघ. काय होतं ते मला सांग. काहीच झालं नाही तर चांगलं, खूप रडू आलं तर तेही सांग, हसणार नाही.

फोटो कपाटात राहू देत. बटणाच्या फोटोबद्दल मावशीशी तह करू. तो फोनमध्ये ठेव, बाकीचे दारावर.

आता कामाचं. ती जी ग्रुप ऑर्डर तुम्ही नऊ जणी मिळून मागवताय, तिचे पैसे कुठल्या ‘जीओ मॅनेजर’च्या यूपीआयवर जातायत? तू म्हणालीस, ती ताई खूप प्रेमळ आहे, रात्री उशिरापर्यंत बोलते, सगळ्यांकडून ‘फॅन व्हेरिफिकेशन’साठी फोटो मागवते. ती ताई आहे हे कुणी बघितलंय का? तिचा आवाज तरी ऐकलाय? फोटो पाठवू नकोस, घरचा पत्ता देऊ नकोस, आणि आधीच पाठवला असशील तर घाबरून डिलीट करत बसू नकोस. सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेव. अठराच्या खालच्या मुलींसाठी पॉक्सोचा कायदा आहे, १०९८ हा फोन आहे, आणि त्याआधी मी आहे. पार्सलसाठी माझ्या ऑफिसचा पत्ता दे. यूपीआय आयडी आणि त्या अकाउंटची लिंक आज रात्रीच मला पाठव, पैसे त्यानंतर भरायचे की नाही ते ठरवू.

— ताई